अठ्ठ्याऐंशी टर्नचं कार्ड

८ जानेवारी

काका,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही ते न फोडताच परत पाठवलं असतं, आणि तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आता फोडलंच आहे तर वाचा.

पत्ता वार्निशवाल्याने दिला. तो म्हणाला, तुम्ही लेकीकडे राहता, व्हरांड्यात बसून शेजारपाजारचे जळके पंखे नवी तार गुंडाळून भरून देता आणि अजूनही त्याच्याकडून तेच पिवळं वार्निश मागवता. वास घराला लागतो म्हणून लेक ओरडते, हेही त्यानेच सांगितलं. तो डबे कमी विकतो आणि बातम्या जास्त, हे तुमचं म्हणणं अजून खरं आहे.

कामाचं सांगते. मी पुढे शिकायचं म्हणतेय. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्येच, मास्टर्स. तिसाव्या वर्षी. तुम्ही हसलात तरी चालेल. बाबा दोन दिवस हसत होते, तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की मी गंमत करत नाहीये.

झालं असं. विद्यापीठाच्या मशीन लॅबमधली एक जळालेली मोटर आपल्या दुकानात भरायला आली. सोबत तिथल्या एक प्रोफेसर मॅडम आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, मोटर पुन्हा भरल्यावर तिची कार्यक्षमता किती उतरते याचा तुम्हाला काही अंदाज आहे का? मी अंदाज सांगितला नाही, कपाट उघडलं. तुमच्या नियमाप्रमाणे दर मोटरची जुनी तार फेकण्याआधी लिहिलेलं कार्ड, आणि भरून झाल्यावर त्याच कार्डावर चाचणीचे आकडे. एकोणतीस वर्षांची कार्डं, काका. मॅडम तासभर उभ्या राहून वाचत होत्या, मी स्टूल दिलं तरी बसल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "यावर कोणी नीट अभ्यास केलेला नाही. तूच का करत नाहीस?" असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

आता अटी. प्रवेश परीक्षा आहे, ती १ फेब्रुवारीला, तिची मला भीती नाही. पदवीला प्रथम वर्ग लागतो, तो माझ्याकडे नाही. माझे अठ्ठावन्न टक्के तुम्हाला आठवत असतील. "अठ्ठावन्न म्हणजे चालू मोटर, बंद नाही," असं तुम्ही म्हणाला होतात. पण खाली एक पोटकलम आहे: पाच वर्षं प्रत्यक्ष कामाचा अनुभव असेल तर टक्क्यांची अट शिथिल करतात, मात्र ज्यांच्या हाताखाली किमान तीन वर्षं काम केलं त्यांचं शिफारसपत्र हवं. त्याच्यापुढे ठळक अक्षरात छापलंय की नातेवाईक चालणार नाहीत. म्हणजे बाबा बाद. सोळाव्या वर्षापासून चोविसाव्यापर्यंत मी ज्यांच्या हाताखाली शिकले आणि जे नात्यातले नाहीत असे जगात एकच गृहस्थ आहेत, आणि ते व्हरांड्यात पंखे भरतायत.

फीचा आकडा बाबांनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि कागद उलटा ठेवला. पण असिस्टंटशिपच्या दोन जागा आहेत. ती मिळाली तर फी माफ आणि महिन्याला पोटापुरतं मानधन. बदल्यात लॅबमध्ये पोरांना मोटरी शिकवायच्या. म्हणजे मला नुसता प्रवेश मिळून उपयोग नाही, त्या दोनांतली एक जागा मिळायला हवी. नाहीतर मी आहे, दुकान आहे आणि भिंतीवर टांगलेली पदवी आहे.

फॉर्मच्या दोन प्रती ठेवल्यात. तुमच्या बोटांना कायम वार्निश असतं, एक खराब झाली तर दुसरी असावी. भरून, पाकीट चिकटवून थेट विद्यापीठाच्या ऑफिसला पाठवायचं आहे, १० मार्चच्या आत. मी तो बघायचा नसतो.

त्या दिवशी दुकानात जे झालं त्याबद्दल काही लिहीत नाही. सहा वर्षं झाली. बाबांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

मालकांची मुलगी

२४ जानेवारी

काका,

तुमचं पाकीट आलं. पोस्टमनच्या हातात तुमचं अक्षर दिसलं आणि मी मीटर चालू ठेवून पळाले. आत माझाच फॉर्म, जसाच्या तसा कोरा. फक्त सातव्या प्रश्नाभोवती पेन्सिलीने एक गोल.

सातवा प्रश्न मी इथे उतरवून घेते, कारण तो मी आता वीसेक वेळा वाचलाय: "अर्जदाराच्या हातून झालेली एखादी गंभीर चूक व अर्जदाराने ती कशी सुधारली, ते थोडक्यात लिहा."

मला वाटतं तुम्हाला काही आठवत नसेल म्हणून विचारलंय. मी मदत करते. मी सतरा वर्षांची असताना मीटर ओहमवर ठेवून चालू लाइनला लावला आणि मीटरचा धूर केला, ते लिहा. त्यानंतर तुम्ही आठवडाभर मला मीटरला हात लावू दिला नाहीत आणि आठवड्याने माझं नावच "मीटर" ठेवलंत. ते नको असेल तर वार्निशचा अख्खा डबा मी बाबांच्या नव्या बुटांवर सांडला, तेही आहे. तुम्ही बाबांना सांगितलंत की डबा मांजराने पाडला. आपल्या गल्लीत तेव्हा मांजर नव्हतं.

यातली कुठलीही लिहा. मांजराची गोष्ट वाचून त्यांना मजा वाटेल.

तोच फॉर्म परत पाठवतेय. परीक्षेचा अभ्यास जोरात चालू आहे. दुपारी गिऱ्हाइकं कमी असतात तेव्हा बेंचवर पुस्तक उघडते, पानांना ग्रीस लागतं. नियंत्रण प्रणालीचा धडा डोक्यावरून जातो, पण मोटरींचा धडा वाचताना मला तुमचा आवाज ऐकू येतो, शिव्यांसकट.

तुमची विद्यार्थिनी

९ फेब्रुवारी

काका,

फॉर्म पुन्हा परत आला. पुन्हा कोरा, पुन्हा तोच गोल. या वेळी पेन्सिल इतकी दाबून फिरवलीत की कागद फाटलाय.

पहिल्यांदा मला राग आला. मी ठरवलं की तुम्हाला लिहायचं, एक म्हातारा माणूस मुलीचं आयुष्य अडवून धरतो, शोभतं का. अर्धं पान लिहिलंही. मग ते वाचलं आणि लाज वाटली, कारण त्यातला एकही शब्द तुम्हाला लागू होत नव्हता.

परीक्षा झाली. वरच्या पाच टक्क्यांत आले. मार्कांची अडचण तेवढ्याने सुटत नाही, पण हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आता सातवा प्रश्न.

छापखान्याची मोटर आली तेव्हा माझ्या पदवीला तीनच महिने झाले होते. बाबांनी ती पदवी काच लावून टांगली होती आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवत होते. तुमच्या डोळ्याला पडदा यायला लागला होता, म्हणून मोजणी माझ्याकडे दिली होती. "तुझं कार्ड म्हणजे माझे डोळे," असं तुम्ही म्हणाला होतात. मी कॉइलचं टोक कापलं, तारा मोजल्या. अठ्ठ्याऐंशी. कार्डावर लिहिलं: अठ्ठ्याऐंशी टर्न.

टर्न, म्हणजे वेढे, अठ्ठ्याऐंशी नव्हते. ती मोटर दोन तारा जोडीने घेऊन भरलेली होती. चव्वेचाळीस टर्न, दुहेरी तार. जोडावर जाऊन बघ, एका टोकाला एक तार येते की दोन, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलं होतं. मी बघितलं नाही. मी इंजिनिअर झाले होते, मला कशाला बघायला पाहिजे?

तुम्ही कार्डाप्रमाणे भरलीत. तांब्याचं वजन जुन्याइतकंच बसलं, तार खाचेत गच्च बसली, शंका यायला जागाच नव्हती. लोड न जोडता मोकळी चालवली तर आवाज नाही, गरम नाही, करंट इतका कमी की बाबा म्हणाले, बघा कशी फुलासारखी चालते. छापखान्यात तिला मशीन जोडलं आणि लोड आल्या आल्या ती बसली. पुन्हा चालू केली, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा जळाली. त्यांचं मोठं काम अडकलं.

इथपर्यंत चूक आहे. पुढचं चूक नाही, पुढचं मी केलंय.

छापखानेवाले मोटर घेऊन दुकानात आले तेव्हा तुम्ही आणि बाबा बाहेर टेम्पोपाशी होतात. मला आतूनच कळलं होतं काय झालंय. मी कपाटातून ते कार्ड काढलं आणि तिथल्या तिथे नवीन लिहिलं. चव्वेचाळीस टर्न, दुहेरी तार. तारीख जुनी टाकली. बाबांनी येऊन कार्ड काढलं, वाचलं आणि तुमच्यापुढे धरलं. "इथे स्पष्ट लिहिलंय. मिस्त्री, डोळे गेले असतील तर घरी बसा." छापखानेवाल्यांसमोर. तुम्ही कार्ड हातात घेतलं, त्यावरून एकदा अंगठा फिरवलात आणि बेंचवर ठेवलंत. मग ॲप्रन काढलात.

मी पान्याच्या फळीजवळ उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत आणि मला त्याचं बरं वाटलं. हेच मला सगळ्यात जास्त बोचतं.

जुनं कार्ड मी फेकलं नाही. का, ते माहीत नाही. पदवीच्या फ्रेममागे खोचून ठेवलं होतं, सहा वर्षं. ते या पत्रासोबत पाठवतेय. ते तुमचं आहे.

फॉर्म यासोबत पाठवत नाही. हे पत्र फॉर्मसाठी नाही, तुमची शपथ. मी अर्ज सोडला तरी मला चालेल. खरं तर चालणार नाही, पण सहन करीन.

माझं चुकलं, काका. तुमचं नाव गेलं आणि मी गप्प बसले.

१३ फेब्रुवारी

काका,

बाबांना सांगितलं.

दहा तारखेला सकाळी सांगितलं, दुकान उघडल्या उघडल्या, गिऱ्हाईक यायच्या आत. ते बेअरिंग धूत होते. मी बोलत राहिले आणि ते बेअरिंग फिरवत राहिले, चांगलं कोरडं झालं तरी. सगळं ऐकून विचारलं, "ते कार्ड कुठे आहे?"

"काकांना पाठवलं."

"आधी मला दाखवायचं होतंस."

"तुम्हाला दाखवायचं धाडस असतं तर सहा वर्षांपूर्वीच दाखवलं असतं."

त्यानंतर दोन दिवस आमचं बोलणं पान्याच्या नंबरांपुरतं. जेवताना आईने दोघांकडे बघून विचारलं, कोण गेलंय का. बाबा म्हणाले, हो, एक माणूस गेला होता, सहा वर्षांपूर्वी, मीच घालवला.

आज सकाळी त्यांनी तुमच्या स्टुलावरचा रेडिओ खाली उतरवला. तुम्ही गेल्यापासून त्यावर रेडिओच असतो. स्टुलाचा एक पाय हलतो, तुम्ही त्याखाली पुठ्ठा घालायचात. बाबांनी पाय पाचर ठोकून घट्ट केला, स्टूल तुमच्या बेंचपाशी नेऊन ठेवलं आणि कामाला लागले. दुपारी मला म्हणाले, पत्र लिहिणार असशील तर खाली दोन ओळी जागा ठेव. ही ठेवली.

मिस्त्री,
मुलीने चूक केली ती तिने सांगितली. माझी मी सांगतो. करंट एवढा कमी दिसला तेव्हाच मोटर उघडायला हवी होती. तुम्ही असता तर उघडली असती, पण तुम्ही जेवायला गेला होता आणि मला बिल करायची घाई. कमी करंट बघून खूश होणारा माणूस या धंद्यात मालक म्हणवून घेतो. आणि छापखानेवाल्यांसमोर जे बोललो ते शब्द माझ्या कानातून जात नाहीत. परवा छापखान्यात जाऊन त्यांना खरं काय ते सांगून आलो. ते म्हणाले, एवढ्या वर्षांनी कशाला. मी म्हटलं, माणूस अजून आहे म्हणून.

यात बाबांनी दोनाऐवजी अकरा ओळी लिहिल्या, त्या मी मोजल्या. आता मी सगळं दोनदा मोजते.

२७ मार्च

काका,

आज मी शहाण्यासारखं, क्रमाने लिहायचं ठरवलंय, पण हात थांबत नाहीये.

१० मार्च गेली. माझ्या फायलीत मॅडमची शिफारस होती, कॉलेजच्या सरांची होती, तिसरी, तुमच्या पत्राची जागा रिकामी असणार असं मी धरूनच चालले होते. ऑफिसातले क्लार्क, ज्यांना सगळे शिक्केवाले म्हणतात, त्यांना फोन करायचीही हिंमत झाली नाही. बाबांना म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी मिस्त्रींचं वय कमी होणार आहे का? मग मुलाखतीचं पत्र आलं. मला वाटलं चुकून आलं. शिक्केवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, "तिन्ही पत्रं आहेत. एक पाकीट वार्निशने चिकटवलंय, ते उघडताना आमची पट्टी मोडली."

दुसरी प्रत. मी ती विसरूनच गेले होते, तुम्ही ती विसरला नव्हतात.

मुलाखत काल झाली. लांब टेबल, पलीकडे चौघं. मॅडम एका टोकाला, माझी ओळखच नसल्यासारख्या. मधोमध टाय लावलेले एक सर, त्यांच्यासमोर माझी फाइल.

"अठ्ठावन्न टक्के," टायवाले सर म्हणाले. "प्रथम वर्ग नाही."

"नाही सर."

"तुमच्या अर्जात माझ्या बघण्यातलं सर्वात विचित्र शिफारसपत्र आहे. फॉर्म नीट भरलाय, सहा प्रश्नांची उत्तरं एकेका ओळीत. सातव्यापुढे लिहिलंय, सोबत जोडले आहे. आणि सोबत हे." त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक पुठ्ठ्याचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

काका, मी ते शंभर पावलांवरून ओळखलं असतं. माझंच अक्षर. अठ्ठ्याऐंशी टर्न.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो सर. ते चूक आहे."

"काय चूक आहे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, छापखाना, नवं कार्ड, जुनी तारीख, तुम्ही आणि ॲप्रन. सरांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. मग पेन्सिल उचलली.

"चव्वेचाळीसच्या जागी अठ्ठ्याऐंशी टर्न, तार निम्मी. मोकळी चालवली तर करंट किती येईल?"

"साधारण चौथाई."

"का?"

मी फळ्याकडे गेले, कोणी जा म्हटलं नव्हतं. टर्न दुप्पट, म्हणून फ्लक्स निम्मा. निम्मा फ्लक्स दुप्पट टर्नमधून काढायचा, म्हणून करंट चौथाई. चार ओळींत मांडलं.

"चौथाई करंट दिसला आणि दुकानात कोणाला शंका आली नाही?"

"आनंद झाला, सर."

मॅडम हसल्या, मग सगळेच हसले, टायवाले सर सोडून. ते पुढे झुकले. "आणि लोडवर?"

"ओढ, म्हणजे टॉर्कसुद्धा चौथाईच. म्हणून बसली." मग मी न विचारता पुढचं सांगायला लागले: दुकानांतून भरलेल्या मोटरींमध्ये अशी चूक किती वेळा होत असेल, अर्धवट चुका किती, ज्यात मोटर जळत नाही पण वर्षानुवर्षं जास्त वीज खाते, आणि नुसत्या मोकळ्या चाचणीच्या आकड्यांवरून त्या ओळखता येतील का. आमच्याकडे एकोणतीस वर्षांचे आकडे आहेत. मला हेच शोधायचं आहे. वीस मिनिटांची मुलाखत पन्नास मिनिटं चालली. शिक्केवाल्यांनी दोनदा दार उघडून बघितलं.

शेवटी टायवाले सर म्हणाले, "पत्र अर्जदाराला दाखवायचा नियम नाही." मग त्यांनी कार्ड उलटं केलं, माझ्याकडे सरकवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मागच्या बाजूला तुमचं अक्षर होतं. दर कार्डावर असतात तेच रकाने तुम्ही पट्टीने आखले होते. मला ते पाठ झालंय.

नग: मुलगी. दुकानात आली तेव्हा सोळा वर्षांची.
दोष: मोजणीचा एक. लपवला, सहा वर्षे.
दुरुस्ती: स्वतः उघडून दाखवला. मी फक्त खूण केली होती.
तार: अस्सल.
चाचणी: मोकळी असली की फार आवाज करते. लोड दिला की शांत चालते. लोड द्यावा.

मी टेबलापाशी रडले नाही. जिन्यात रडले, आणि वरून येणाऱ्या एका माणसाने विचारलं, मुलाखत वाईट गेली का? मी म्हटलं, नाही हो, फार चांगली गेली.

१४ एप्रिल

काका,

मिळाली. प्रवेश आणि असिस्टंटशिप दोन्ही. दोनांतली पहिली जागा. मॅडम मार्गदर्शक.

पत्र बाबांनी उघडलं. त्यांनी "आपणास कळविण्यात आनंद होतो" एवढंच वाचलं, तसेच बाहेर गेले आणि समोरच्या टायरवाल्याला म्हणाले, "माझी मुलगी निवडली गेली." टायरवाल्याने विचारलं, कशासाठी? तेव्हा बाबा आत आले, उरलेलं पत्र वाचलं आणि पुन्हा बाहेर गेले. अशा चार फेऱ्या झाल्या. आता आपल्या गल्लीत असिस्टंटशिप म्हणजे काय हे माहीत नसलेला एकही माणूस नाही. पंक्चर काढायला आलेल्यांनासुद्धा कळलंय.

मी नाचले. पूर्ण दुकानभर, मोटरींच्या मधून, तिसाव्या वर्षी. आई म्हणाली, कुठेतरी अडकून पडशील. पडले नाही.

शिफारस करणाऱ्याचे आभार मानायचे असतात म्हणे. ते मी पत्रात मानणार नाही. तुमचं स्टूल आता हलत नाही, येऊन बसून बघा.

तुमची मीटर

६ ऑगस्ट

काका,

काल पहिला तास घेतला. मशीन लॅब, अठरा विद्यार्थी, सगळे माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि दहापट स्वच्छ. मी भंगारातून शोधलेल्या, मुद्दाम छापखान्याच्या मोटरीसारख्याच, दोन जळक्या मोटरी नेल्या होत्या. प्रत्येक गटाला एकेक कॉइल आणि एकेक कोरं कार्ड दिलं. म्हटलं, टर्न मोजा आणि लिहा.

अर्ध्या तासात सगळी कार्डं माझ्या टेबलावर. सहा गट, सहाही कार्डांवर अठ्ठ्याऐंशी. अक्षर सुंदर, खाली रेघ मारलेली.

तुम्ही मे महिन्यात दुकानात आलात तेव्हाचं मला आठवलं. तुम्ही स्टुलावर बसलात, पाय हलतो का ते बघितलंत, आणि बाबांनी स्वतः चहाचा कप आणून तुमच्या हातात दिला. दोघंही एकमेकांशी फक्त बेअरिंगच्या भावाबद्दल बोललात, तासभर. मग बाबा गिऱ्हाइकाकडे गेले आणि मी विचारलं, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का. तुम्ही म्हणालात, "आपल्या दुकानातलं कार्ड, महिनाभर कपाटात पडलेलं, आणि त्यावर एक तेलाचा डाग नाही? मी अंगठा फिरवला तर शाई बोटाला आली."

"मग बोलला का नाहीत?"

"ते तू बोलायचं होतंस. मी दारापर्यंत मुद्दाम हळू चालत गेलो. म्हटलं, मारेल हाक."

काका, मी तेव्हा हाक मारली नाही. ती मी फार उशिरा मारली, आणि तुम्ही इतक्या लांबून ऐकलीत. याहून मोठं मला आयुष्यात काही मिळणार नाही, डिग्री धरून.

तर काल. मी पोरांना जोडावर नेलं, दोन तारा दाखवल्या. सगळे पुढे वाकून बघायला लागले. एक मुलगी हळूच स्वतःचं कार्ड मागायला आली, दुरुस्त करते म्हणाली. मी दिलं नाही. म्हटलं, खोडायचं नाही, नवीन लिहायचं नाही, याच कार्डावर खाली लिही, चूक होती, अशी सापडली, आणि सही कर. तिने केली. कार्डावर तिच्या बोटाचा काळा ठसा उमटला. ते कार्ड मी जपून ठेवलंय.

आता महत्त्वाचं. मॅडमनी दर गुरुवारी एक तास बाहेरच्या तज्ज्ञाला बोलवायची परवानगी काढली आहे. तज्ज्ञ म्हणजे तुम्ही. जाण्यायेण्याचं भाडं मिळतं, शिव्या मात्र वर्गाबाहेर द्याव्या लागतील. गेटवर पास लागतो म्हणून मी काल शिक्केवाल्यांकडे गेले. त्यांनी तुमचा पत्ता लिहिला, वय लिहिलं आणि विचारलं, "तुमचं नातं काय?"

मी म्हटलं, "काका."

"सख्खे?"

"हो."

त्यांनी लिहिलं, शिक्का उचलला आणि तो हवेतच धरून माझ्याकडे बघितलं. त्यांना ते वार्निशचं पाकीट आठवलं असणार. म्हणाले, "अहो, मग तुमची शिफारसच रद्द करावी लागेल. नातेवाईक चालत नाहीत."

मी म्हटलं, "तेव्हा नव्हते. मध्यंतरी झाले."

त्यांनी शिक्का मारला. पास सोबत जोडला आहे, गुरुवारी दहाला गेटवर उभी असेन.

मीटर